ज्वारी, ताक आणि आमची आत्या



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी तब्येत जरा कुरकुरत होती. तळपायांना मुंग्या यायच्या, पुढे पुढे तर चप्पल पायातून निसटलेली कळायचीच नाही. सत्तरी ओलांडली की असं व्हायचंच, म्हणून दोन-तीन महिने तसेच काढले. शेवटी मुलाने धरून दवाखान्यात नेलं. इथे नांदेडला माझा एक विद्यार्थी डॉक्टर आहे. त्याने पाय तपासले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि म्हणाला, "सर, जीभ दाखवा."

पस्तीस वर्षं मी पोरांना 'वही दाखव' म्हणत आलो. आता एक विद्यार्थी मला जीभ दाखवायला सांगत होता. दाखवली. आरशात मीही पाहिली. लालभडक आणि गुळगुळीत, खरखरीतपणा असा काही नाहीच.

मग त्याने विचारलं, "ॲसिडिटीची गोळी किती वर्षं घेताय? आणि साखरेची?" ॲसिडिटीची आठ-नऊ वर्षं, साखरेची त्याहून जास्त. त्याने मान हलवली. झालं होतं असं, की अन्नातलं बी-१२ हे जीवनसत्त्व प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. मी रोज सकाळी गोळी घेऊन तेच आम्ल मारत होतो. साखरेच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही बी-१२ आतड्यातून कमी शोषलं जातं. त्यात आमचं जेवण शाकाहारी, आणि दूधही चहापुरतंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष छापले होते. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघालं. म्हणजे मी काही एकटा नाही. इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या कमी झाल्या. असो. आजचा विषय माझे पाय नाहीत.

उठता उठता डॉक्टरने सहज विचारलं, "सर, घरात आधी कुणाला असं काही? जिभेचं, चालण्याचं, डोक्याचं?"

आणि मी, आमच्या घरात साठ वर्षं कुणी काढलं नाही ते नाव त्या खुर्चीत बसून काढलं. थोरली आत्या.

आमचं गाव उदगीरजवळचं. आज लातूर जिल्हा म्हणतात, तेव्हा तो उस्मानाबाद जिल्हा होता. माळवदाचं घर, पुढे ढाळज, मागे गोठा. आत्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि माहेरी येऊन राहिली. मी पाहिली तेव्हा ती तिशी-पस्तिशीची असेल, पण आम्हा पोरांना म्हातारीच वाटायची. शेतात राबायची, दळण दळायची, शेण काढायची आणि सगळ्यांची जेवणं झाली की चुलीपुढे बसून उरलेली भाकर खायची. सोबत कोरड्यास उरलं तर उरलं, नाहीतर मीठ-मिरची. वरणाचं भांडं तिच्यापर्यंत कधीच पोचायचं नाही. त्यात सोमवार, एकादशी, चतुर्थी असे उपास.

दरवर्षी उन्हाळा लागला की तिच्या हातांची आणि पायांची कातडी काळी पडायची. मनगटापर्यंत मोजा घातल्यासारखी. गळ्याभोवतीही काळा पट्टा यायचा. मग ती कातडी सोलून निघायची. 'उन्हानं भाजलं' म्हणायचे सगळे. ऊन तर सगळ्यांनाच लागायचं, मग हिलाच कसं भाजतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. पावसाळ्यानंतर ती जरा बरी व्हायची आणि येळवशीच्या सुमारास तर चांगली हिंडती-फिरती असायची.

पण शेवटच्या दोन वर्षांत ती सुधारलीच नाही. तोंड आलं. हगवण लागली. रात्री झोपायची नाही, ढाळजेत बसून स्वतःशीच बोलायची, मध्येच रडायची. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणायची. मग गावाने निकाल दिला, भानामती. आमच्या भागात या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे. देवऋषी आला. मिरच्यांची धुरी दिली. तोंड सोललेल्या बाईला मिरच्यांची धुरी... आजही लिहिताना हात थांबतो.

मी तेव्हा चौथीत होतो. आजीची सक्त ताकीद होती, "शिवू नकोस तिला. वरून टाक भाकर." मी उंबऱ्यात उभा राहून तिच्या ताटलीत भाकर टाकायचो. एकदा नेम चुकला, भाकर जमिनीवर पडली. तिने ती उचलली, धूळ झटकली आणि म्हणाली, "लेकरा, जीभ पोळू लालीय रे. वाईच ताक आणून देतूस का?"

मी आत जाऊन आजीला सांगितलं. आजी म्हणाली, तिला आधीच ढाळ लागलेत, ताक कशाला. आणि माझ्या हातात माझा ताकाचा पेला दिला. मी तो तिथेच उभ्या उभ्या पिऊन टाकला. परत ढाळजेत गेलो नाही.

त्याच चैत्रात ती गेली. १९६१ साल.

हे सगळं मी डॉक्टरला सांगितलं. ताकाचं सोडून. तो काही बोलला नाही. मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि एक फोटो माझ्यापुढे धरला. कुणा परदेशी माणसाचा होता. पण गळ्याभोवतीचा तो काळा पट्टा आणि हातांवरचे ते मोजे पाहून मी फोन हातातून काढूनच घेतला. "याला पेलाग्रा म्हणतात सर," तो म्हणाला. "आम्ही फक्त पुस्तकात पाहिलाय. पुस्तकात लिहिलेलं असतं, दख्खनच्या पठारावरच्या ज्वारी खाणाऱ्या लोकांत आढळे."

ज्वारी खाणाऱ्या लोकांत! म्हणजे आमच्यातच की.

घरी आलो, पण चैन पडेना. पुण्याला माझी नात आहारशास्त्र शिकते. तिला फोन केला. "आबा, तुम्हाला हे कशाला हवंय?" म्हणाली. आत्याचं सांगितल्यावर गप्प झाली आणि आठवडाभरात मोठ्या अक्षरांत छापलेल्या कागदांची चळत पाठवली. शब्दकोश घेऊन बसलो. काही कळलं, काही तिने फोनवर समजावलं. कळलेलं सांगतो.

पेलाग्रा हे नाव इटलीतलं. अर्थ 'खरखरीत कातडी'. हा आजार कातडी, आतडी आणि मेंदू या तिघांना एकदम धरतो. आधी कातडी, मग जुलाब, मग बुद्धिभ्रंश, आणि उपाय झाला नाही तर मृत्यू. गळ्याभोवतीच्या पट्ट्याला 'कासालचा हार' म्हणतात, कारण कासाल नावाच्या स्पॅनिश वैद्याने तो १७३५ साली पाहून नोंदवला होता. स्पेन-इटलीतले गरीब शेतकरी मक्यावर जगायचे, त्यांना हा आजार व्हायचा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याने थैमान घातलं. वेड्यांच्या इस्पितळांत अशा रुग्णांची गर्दी व्हायची. सगळ्यांना वाटायचं, हा संसर्गजन्य रोग आहे.

१९१४ साली अमेरिकी सरकारने जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरला तपासाला पाठवलं. त्याने सूक्ष्मदर्शकाच्या आधी डोळे वापरले. अनाथाश्रमातल्या मुलांना पेलाग्रा होतो, वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांना होतो, पण तिथेच दिवसरात्र राबणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नाही. रोग लागट असता तर त्यांना सोडता का? मग फरक कशात? ताटात. १९१५ साली त्याने मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर अकरा कैद्यांना, सुटकेच्या बोलीवर, मुख्यतः मका, मैदा, तांदूळ आणि साखरेच्या पाकावर काही महिने ठेवलं. दूध नाही, मांस नाही. अकरांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. (कैद्यांवर असे प्रयोग करणं मला पटत नाही. आज कुणी करूही देणार नाही.)

तरी लोक मानेनात. मग १९१६ साली त्याने रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. कातडीच्या खपल्या, मलमूत्र पिठात कालवून त्याच्या गोळ्या स्वतः खाल्ल्या, सहकाऱ्यांनीही खाल्ल्या. आणि त्याच्या बायकोने, मेरीने, एका रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. कुणालाही काही झालं नाही.

हे वाचताना मी कागद खाली ठेवला. नवऱ्यावर आणि शास्त्रावर विश्वास ठेवून रुग्णाचं रक्त अंगात घेणारी ती बाई, आणि आत्याला भाकर वरून टाकणारा मी. मध्ये पंचेचाळीस वर्षांचं अंतर. ज्ञान केव्हाच झालेलं होतं, ते आमच्या ढाळजेत पोचलं नव्हतं.

नेमकी उणीव कशाची हे १९३७ साली कळलं. एल्व्हियेम नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने कुत्र्यांना होणारी 'काळी जीभ' निकोटिनिक ॲसिडने बरी केली. तेच नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. (तंबाखूतल्या निकोटिनशी याचा नावापुरताच संबंध, उगाच कुणी तंबाखू मळायला नको!) गोळी अगदी स्वस्त. दिली की दोन-चार दिवसांत जीभ निवते, जुलाब थांबतात, आणि भ्रमिष्ट झालेलं माणूस भानावर येऊ लागतं.

आता आपल्या ज्वारीकडे येऊ. हा भाग मला सर्वांत जास्त गुंतवून गेला. मक्याचं कोडं सुटलेलं होतं. मक्यात नायसिन असतं, पण ते बांधलेलं, आतड्यातून शोषलं जात नाही. शिवाय शरीर स्वतःही ट्रिप्टोफॅन नावाच्या प्रथिनांच्या घटकापासून थोडं नायसिन बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅमपासून एक. मक्यात हा ट्रिप्टोफॅनही कमी. (मेक्सिकोतले लोक पूर्वापार मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने बांधलेलं नायसिन सुटतं, म्हणून मक्याच्या माहेरी हा आजार नव्हता. युरोपने मका नेला, चुना न्यायचा विसरला.)

पण ज्वारी तशी नाही. तिच्यातलं नायसिन मक्यासारखं बांधलेलं नसतं. तांदळापेक्षा ते कमीही नाही. मग भात खाणाऱ्या गरिबाला पेलाग्रा होत नाही आणि ज्वारी खाणाऱ्या गरिबाला होतो, हे कसं? हे कोडं हैदराबादमध्ये बसून सोडवायला घेतलं डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी. त्यांची संस्था १९१८ साली कुन्नूरला सुरू झाली, १९५८ साली हैदराबादला आली आणि पुढे 'राष्ट्रीय पोषण संस्था' या नावाने ओळखली जाऊ लागली. हैदराबादला त्यांना रुग्ण शोधावे लागले नाहीत. ज्वारीवर जगणारे मजूर दवाखान्यात येतच होते.

त्यांचं बोट गेलं ल्युसीनवर. हाही प्रथिनांचाच एक घटक, आणि ज्वारीत तो भरपूर असतो. त्यांचं म्हणणं असं, की ल्युसीन जास्त झालं की ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवण्याच्या आणि ते वापरण्याच्या कामात अडथळा येतो. म्हणजे कमतरता वस्तूची नाही, प्रमाणाची. त्यांनी कुत्र्यांना ज्वारी घालून पाहिली, त्यांची जीभ काळी झाली. नुसतं ल्युसीन वाढवूनही पाहिलं. ज्वारीच्या सगळ्या वाणांत ल्युसीन सारखं नसतं, हेही शोधलं. खरं सांगायचं तर हा सिद्धांत सगळ्यांनी मान्य केला नाही. परदेशातल्या काही प्रयोगशाळांना तसे निष्कर्ष मिळाले नाहीत. पुढे हैदराबादेतच बी-६ जीवनसत्त्वाचाही यात हात असल्याचं दिसलं. वाद पुरता मिटलेला नाही, असं नात म्हणते. मिटो न मिटो. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी, मांस यांतलं काहीही पुरेसं पोटात गेलं तर ज्वारी कुणाला काही करत नाही. आजार ज्वारीत नाही, नुसत्या ज्वारीत आहे.

म्हणून तर ती येळवशीच्या सुमारास बरी असायची! लातूरकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. येळवशीला शेतात जी भज्जी होते, तिच्यात तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, पालेभाज्या, बेसन, काय नसतं? वर ताक घातलेली आंबील. त्या हंगामात शेतात काम करणारी बाई चार ओले दाणे तोंडात टाकतच असणार. चैत्र येईतो ते सगळं संपलेलं. उरायची भाकर, मिरची आणि ऊन. हे माझं अनुमान आहे, पण मला ते पटतं.

'लिउसिन अँड पेलाग्रा' हा गोपालन-श्रीकांतियांचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला १९६० साली. आत्या गेली १९६१ साली. आमच्या उदगीरहून हैदराबाद दोन-सव्वादोनशे किलोमीटर. निजामाच्या काळापासून रेल्वे होती. आमचा सगळा कारभार हैदराबादशी बांधलेला, कापड तिकडून यायचं, कोर्टाचे कागद तिकडून यायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा म्हणालेही होते, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. पण बैल विकायचा की नाही यावर ते अडलं. त्यांना मी दोष देत नाही. बैल गेला असता तर पेरणी गेली असती. गोळी किती स्वस्त आहे हे त्यांना कुणी सांगितलं असतं, तर... पण सांगणार कोण?

पुढे तो आजार आपल्याकडे हळूहळू दिसेनासा झाला. १९७२ च्या दुष्काळात आम्ही रेशनची लाल मिलो खाल्ली, तीही ज्वारीच. पण त्यानंतर रेशनवर गहू-तांदूळ येत गेला आणि ताट बदललं. आज मद्यपींमध्ये किंवा क्षयाच्या एका औषधाचा परिणाम म्हणून क्वचित पेलाग्रा सापडतो, असं डॉक्टर सांगत होता. आमच्या शेतात आता सोयाबीन. ज्वारी घरापुरती. आणि २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून नात मला पुण्याहून ज्वारीची बिस्किटं पाठवते. पुडक्यावरची किंमत पाहिली आणि आत्या आठवली. मी ती बिस्किटं खातो, चांगली लागतात.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे आणि ते आमच्या नातेवाईक मंडळींसाठी आहे. 'त्यांच्या घरात वेड आहे' म्हणून आमच्या चुलत बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं होतं, आठवतंय ना? तेव्हापासून आत्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी पाळलं. मीही पाळलं. शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर धडे शिकवले, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा टाळ्या वाजवल्या, त्या कायद्यात भानामतीचं नाव आहे हेही वर्गातल्या उत्साहाने लोकांना सांगितलं. पण 'आमच्या घरात एका बाईला मिरच्यांची धुरी दिली होती' हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. तिला वेड नव्हतं, तिला कुणी काही केलेलं नव्हतं. तिच्या ताटात वरण नव्हतं.

मागच्या दिवाळीत चुलत भावाने वंशावळ छापली. चांगलं काम केलं, सात पिढ्या शोधल्या. आजोबांच्या खाली चार नावं आहेत. आत्याचं नाही. परवा त्याला फोन केला आणि म्हणालो, दुसरी आवृत्ती काढशील तेव्हा थोरल्या आत्याला घाल.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "घालतो, अण्णा. पण प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी आहेत. तिच्यापुढे काय लिहू?"

मी म्हणालो, "लिही. लवकर वैधव्य, माहेरी शेती केली. मृत्यू चैत्र, १९६१. पेलाग्रा या आजाराने."

"कसं लिहायचं ते?"

"पे-ला-ग्रा. ग ला र जोडून काना."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग मला राहवेना. म्हटलं, "थांब. त्याच्या आधी 'बहुधा' लिही. तपासणी झाली नव्हती तिची."